उतारवयातील रोजगार : आरोग्य आणि स्त्री-पुरुष भेद

शासकीय कर्मचारी ठरावीक वयास निवृत्त होतो. शेतमजुराच्या आयुष्यात अशी तारीख नसते. हातपाय चालतात तोवर काम, हाच तेथील नियम. म्हणूनच उतारवयातील रोजगार हा प्रामुख्याने आरोग्याचा प्रश्न आहे. मात्र शरीराची झीज स्त्री व पुरुष यांची सारखी होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील सुमारे ५.३ कोटी स्त्रिया आणि ५.१ कोटी पुरुष होते. २०१७-१८ मधील राष्ट्रीय वार्धक्य पाहणीत या वयाचे सुमारे निम्मे पुरुष कामावर आढळले. स्त्रियांत हे प्रमाण जेमतेम पाचांत एक होते. यावरून वृद्ध स्त्री विश्रांती घेते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाणी भरणे, गुरांचे वैरणपाणी, नातवंडांचा सांभाळ ही कामे रोजगाराच्या मोजणीत येत नाहीत.

बाळंतपणे, रक्तक्षय आणि वर्षानुवर्षे वाकून केलेली खुरपणी व भातलावणी यांमुळे स्त्रीचे गुडघे व कंबर लवकर निकामी होतात. पुरुष थकला तरी सातबारा त्याच्या नावे असल्यास शेताची देखरेख त्याच्याकडे राहते. जमीन नावावर नसलेल्या विधवेला मात्र आजारपणातही मजुरीचा रस्ता धरावा लागतो.

महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात स्त्री-पुरुषांना समान दर होता. परंतु मजुरी कामाच्या मापावर असल्याने, थकलेल्या शरीराला समान दरातही कमी दाम मिळे. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने पाच वा अधिक लहान मुले असलेल्या कामावर ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद केली. हलक्या कामाची हीच वाट वृद्ध स्त्रियांना उपयुक्त ठरते.

या बाबतीत ग्रामपंचायतीस तीन गोष्टी करता येतील. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने मोतीबिंदू व रक्तक्षयाची तपासणी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर झाल्यास गेलेले काम परत मिळू शकते. दुसरी, पाणी देणे, रोपवाटिका, मुले सांभाळणे अशी हलकी कामे वृद्धांसाठी राखणे. तिसरी, ज्यांना काम झेपतच नाही त्यांची यादी करणे. निराधार विधवांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा, तर ६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेचा आधार मिळू शकतो. वयाच्या दाखल्याअभावी अर्ज अडत असल्यास शिक्षक व ग्रामसेवक यांनी साहाय्य करावे.

ज्याला काम हवे त्याला झेपेल असे काम, आणि ज्याला झेपत नाही त्याला सन्मानाने विसावा, हे दोन्ही ग्रामविकासाचेच भाग होत.