परिचारिका कमी, तरी पगार तुटपुंजा का?

प्रश्न : मुलगी जीएनएम (परिचर्येची पदविका) झाली. परिचारिकांची टंचाई आहे म्हणतात, मग खासगी रुग्णालयांत पगार इतका तुटपुंजा का? तिने काय करावे?
– एक पालक, श्रीरामपूर

उत्तर : टंचाई शिकलेल्या मुलींपेक्षा भरलेल्या पदांची अधिक आहे. सरकारी जागा रिकाम्या राहतात किंवा कंत्राटावर भरल्या जातात. याच बाह्यस्रोत भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिका मे 2022 मध्ये संपावर गेल्या होत्या. कायम जागा अशा अडल्याने मुली खासगीत कमी पगारावरही राहतात. तिथे रात्रपाळीला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते: सलाईन बदलायचे, रात्री दोनचे इंजेक्शन द्यायचे, रक्तदाब नोंदवायचा, घाबरलेल्या नातेवाइकांना धीरही द्यायचा. अशा राबवणुकीला कंटाळून अनुभवी मुली आखातात किंवा युरोपात जातात. नवी महाविद्यालये काढून हे थांबणार नाही. नियमित भरती, खाटांच्या प्रमाणात परिचारिका आणि न्याय्य वेतन हवेच.

मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्या. नोकरी पन्नास किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयात धरा आणि नियुक्तिपत्र व अनुभवाचा दाखला मागून घ्या. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेसाठी जीएनएम उमेदवाराला अशा रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सीही करता येईल. तिच्या कौशल्याला मोल आहे; कमी पगारावर कायमची तडजोड करू देऊ नका.