बोटाला लावून कळत नसतं

रिसोड, जि. वाशीम

चि. माई,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. हळदीच्या ठिबकला अ‍ॅसिड सोडणं चाललं होतं. आपल्या विहिरीचं पाणी क्षाराचं, नळ्यांची भोकं पांढऱ्या थराने बुजतात. हातात कॅन असताना मी दुसरं काही बोलत नाही, म्हणून फोन ठेवला. आता निवांत बसून लिहितोय.

गंज काढायच्या द्रावणाचा 5 लिटरचा नमुना तुला प्रवासी विमानाने पाठवायचा आहे. त्यात बरंचसं फॉस्फोरिक, थोडं हायड्रोक्लोरिक आणि फेसाचं रसायन. तुझे साहेब म्हणतात, फॉस्फोरिक पॅकिंग ग्रुप तीनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात येतं, म्हणजे सगळं द्रावण तीनमध्येच. वर त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, पुसला आणि तुला विचारलं, बघ, काही झालं का?

माई, त्या बोटावरून काहीच ठरत नाही. वर्ग 8 मध्ये, म्हणजे कातडी-धातू खाणाऱ्या मालात, गट ठरतो तो कातडी पूर्ण जाडीपर्यंत मरायला किती वेळाचा स्पर्श पुरतो त्यावर. 3 मिनिटं किंवा त्याहून कमी स्पर्श झाला आणि तासाभरात कातडी गेली, तर गट एक. 3 मिनिटांच्या वर ते 60 मिनिटांपर्यंतच्या स्पर्शाने जात असेल तर गट दोन. तासाच्या वर ते 4 तासांपर्यंत लागत असेल तर तीन. दोन आणि तीनसाठी स्पर्शानंतर 14 दिवसांपर्यंत वाट बघतात. दहा सेकंदांत पुसलेला थेंब यातलं काय सांगणार?

साहेबांना तीनच का हवा, तेही समजून घे. तुझं द्रावण बहुधा यूएन क्रमांक 3264 खाली जाईल. प्रवासी विमानात त्याची एका पॅकेजमागे मर्यादा गट एकला अर्धा लिटर, दोनला 1 लिटर आणि तीनला 5 लिटर आहे. त्यांना हवा असलेला आकडा आणि तीनची मर्यादा बरोबर जुळते. आधी लिटर ठरवायचे आणि मग त्यांना बसेल असा गट शोधायचा, ही उलटी चाल आहे. सहार विमानतळावरच्या मालाच्या शेडमधल्या माझ्या नोकरीत मी ती फार पाहिली.

मिश्रणाचा स्वभाव त्यातल्या मोठ्या वाट्यावरून ओळखता येत नाही. शाळेत आम्लराज शिकलीस ना? तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. सराफाचं सोनं यातलं एकटं कुठलंच आम्ल विरघळवत नाही, दोन्ही एकत्र आली की विरघळतं. ही दोन आम्लं वेगवेगळी, ठरलेल्या मर्यादेत, मालवाहू विमानाने जाऊ शकतात. आम्लराज मात्र प्रवासी काय नि मालवाहू काय, कुठल्याच विमानात जात नाही.

आणि पाणी घातलं की माल सौम्य झाला, हेही धरून चालू नकोस. सल्फ्युरिक 51 टक्क्यांच्या वर असेल तर क्रमांक 1830, खाली आलं की 2796. क्रमांक बदलतो, पण बॅटरीच्या त्या पातळ अ‍ॅसिडचाही गट दोनच राहतो. दाट सल्फ्युरिक लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं साठवतात, पातळ केलेलं तेच लोखंड खाऊ लागतं. म्हणून कातडीला काही झालं नाही तरी धातूची चाचणी चुकवू नकोस. 55 अंशांना पोलादावर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर वर्षाला 6.25 मिलिमीटरच्या वर झीज निघाली, तर माल वर्ग 8 मध्ये, गट तीनमध्ये आलाच. विमानाचं अंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचंच असतं.

तू असं कर. या मिश्रणाला धोकादायक मालाच्या यादीत स्वतःचं नाव आहे का ते आधी बघ. काहींना असतं, नायट्रेटिंग अ‍ॅसिड मिश्रणाला आहे. नसेल तर अख्ख्या मिश्रणाची चाचणी कुठे झाली आहे का ते शोध. तीही नसेल तर जवळच्या, चाचणी झालेल्या मिश्रणाशी ताडून बघायचं, आणि शेवटी घटकांच्या टक्केवारीवरून हिशोब. एसडीएसचा, म्हणजे मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, वाहतुकीचा 14 वा भाग उघडून तिथला आकडा उतरवू नकोस. घटकांचा 3 रा भाग आधी वाच, हायड्रोक्लोरिक किती टक्के आहे ते बघ, आणि 14 वा त्याच्याशी जुळतो का ते तपास. शंका उरली तर कडक गट धर.

शेडमधला एक प्रसंग तुझ्या आईलाही मी सांगितलेला नाही. एका एजंटाकडून खोकं आलं होतं, वर फक्त ‘क्लीनिंग लिक्विड’ लिहिलेलं. लेबल नाही, घोषणापत्र नाही. आमच्या लोडरने ते खांद्यावर घेतलं. शर्ट ओला झाला, त्याला वाटलं पावसाचं पाणी. पाळी संपेपर्यंत तोच शर्ट अंगावर. संध्याकाळी खांदा नुसता लाल होता, चुरचुरतं म्हणाला. चौथ्या दिवशी मी त्याला बघायला गेलो तेव्हा कातडी काळी पडून सुटत होती. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, वर लिहिलं असतं तर मी हातमोजे घातले असते. त्याला वाचता येत होतं, माई.

विमानात तर याहून वाईट घडलं आहे. 3 नोव्हेंबर 1973 ला पॅन अ‍ॅमचं मालवाहू बोइंग 707 बॉस्टनला उतरता उतरता पडलं, विमानातले तिघेही कर्मचारी गेले. तपासात नायट्रिकच्या बाटल्यांवर बोट ठेवलं गेलं. त्या लाकडाच्या भुशात बसवल्या होत्या. गळलेलं नायट्रिक आणि भुसा, म्हणजे आगच. आपण आंबे कुटारात ठेवतो तसंच कुणीतरी साध्या हाताने भरलं असेल.

धोकादायक मालाचं, लाल पट्ट्यांच्या काठाचं ते घोषणापत्र तुझ्या सहीने जाणार आहे. आत काय आहे हे शेडमध्ये कुणी बाटली उघडून बघत नाही, तुझ्या कागदावर विश्वास ठेवून माल उचलतात.

साहेबांशी भांडू नकोस. त्यांना सांग, गट दोन निघाला तरी वाट आहे. मालवाहू विमानात गट दोनला एका पॅकेजमागे 30 लिटरपर्यंत मुभा आहे, 5 लिटर सहज जातील. फक्त ‘कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली’चं लेबल लागेल आणि एखादा दिवस जास्त जाईल. प्रवासी विमानानेच हवं असेल तर 1 लिटरचा नमुना पाठवा म्हणावं. गिऱ्हाइकाला गंज निघतो की नाही एवढंच बघायचं असेल, तर तेवढा पुरेल.

एसडीएसची प्रत मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, रात्री चष्मा लावून बघतो. हळद यंदा बरी दिसतेय. काढायला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीची सुट्टी घेऊन ये.

तुझा,
मामा