घाट उतरताना



गेल्या वर्षी नववीच्या वर्गात सह्याद्रीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने एक छायाचित्र आणले होते. त्याचे काका अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतात. सुटी लागली की ते आपल्या ट्रकच्या मागे एक चाकांवरचे घर जोडतात आणि मुलाबाळांसह पर्वतांतून हिंडून येतात. या घराला तिकडे कॅम्पर म्हणतात. आत निजण्याची जागा, छोटासा ओटा, पाण्याची टाकी असा आटोपशीर संसार असतो. ट्रक स्वयंचलित गिअरचा असल्यामुळे चालकाला वारंवार गिअर बदलावा लागत नाही. छायाचित्र वर्गभर फिरले. मी सहज विचारले, "एवढे ओझे मागे घेऊन पर्वत ओलांडायचा, तर अधिक कठीण काय? चढणे की उतरणे?" सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, "चढणे!" मागच्या बाकावरून एकाने पुस्ती जोडली, "बाई, उतारावर काय, गाडी आपोआप जाते!"

एवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज येथे देत आहे. मी कला शाखेची पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु माझे माहेर गोव्याचे. घाट उतरल्याशिवाय आम्हांला घर दिसत नाही. उतारावर गाडी आपोआप जाते म्हणजे काय होते, याचा अनुभव मी एकदा घेतला आहे.

मी महाविद्यालयात असतानाची गोष्ट. बेळगावहून गोव्याला निघालेल्या एका भाड्याच्या जीपमध्ये आम्ही आठ-नऊ जण होतो. टपावर सामानाचा ढीग होता. अनमोडचा घाट लागला तसा चालकाने गिअर काढून घेतला आणि गाडी मोकळी सोडली. डिझेल वाचते, अशी त्याची समजूत होती. गाडीचा आवाज थांबला. वारा तेवढा घोंगावू लागला. आम्हां मुलांना फार मौज वाटली. प्रत्येक वळणावर तो ब्रेक दाबी आणि पुन्हा सोडी. थोड्या वेळाने काही तरी जळल्यासारखा वास येऊ लागला. पुढच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला आणि गाडी मात्र थांबेना. एकीकडे दरी होती, दुसरीकडे डोंगराचा कडा. त्याने प्रसंगावधान राखून गाडी कड्याच्या बाजूच्या चरात घातली. पत्रा फाटला, दोघांना खरचटले. परंतु सर्वांचे प्राण वाचले.

माझे मामा त्या काळी बेळगावहून गोव्यात भाजीपाल्याचा ट्रक आणीत. मी घरी पोहोचून हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला आमच्या कोंकणीत एकच वाक्य सांगितले : "ज्या गिअरान चडटा, त्याच गिअरान देंव." देंवप म्हणजे उतरणे. ज्या गिअरने घाट चढतोस, त्याच गिअरने उतर. मामांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पण या वाक्यात पदार्थविज्ञानाचा एक संपूर्ण धडा आहे.

तो धडा आता आकड्यांनी पाहू. ट्रक आणि कॅम्पर यांचे एकत्र वस्तुमान ४,५०० किलो धरा. घाट १२ किलोमीटर लांबीचा आणि ५०० मीटर उंचीचा धरा. माथ्यावर उभ्या असलेल्या या गाडीत उंचीमुळे साठलेली ऊर्जा ४,५०० × ९.८ × ५००, म्हणजे २,२०,५०,००० ज्यूल होते. चढताना इंजिनाने इंधन जाळून ही ऊर्जा कमावलेली असते. ऊर्जा नाश पावत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. मग गाडी पायथ्याशी येऊन शांतपणे उभी राहिली, तर ही ऊर्जा गेली कोठे? तिची उष्णता झाली. ही उष्णता एवढी असते की तिने २५ अंशांचे ७० लिटर पाणी उकळीला येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने घाट उतरायला १८ मिनिटे लागतात. म्हणजे तेवढा वेळ दोन किलोवॅटचे दहा गीझर अखंड चालू ठेवल्यासारखे झाले. यातील काही वाटा हवेचा व रस्त्याचा अडथळा उचलतो. उरलेला, निम्म्याहून अधिक वाटा कोणी तरी उचललाच पाहिजे.

आमच्या जीपमध्ये तो सारा एकट्या ब्रेकांवर पडला होता. ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूवर घासणारी पट्टी. ती मर्यादेपलीकडे तापली की तिची पकड कमी होते. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारे जे तेल नळ्यांत असते, तेही अति तापले की उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र सहज दबते. म्हणून पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. त्या दिवशी ब्रेक तुटला नव्हता. तो तापून निकामी झाला होता. गाडी तासभर उभी राहिल्यावर तोच ब्रेक पुन्हा लागू लागला, हे पाहून आम्हांला नवल वाटले होते.

मामांच्या वाक्याचा अर्थ आता उलगडेल. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरचा पाय काढला, तर इंजिन चाकांना फिरवीत नाही. चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाला हवा ओढावी लागते, दाबावी लागते, आपले सगळे भाग हलवावे लागतात. या श्रमात उताराची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता इंजिनातून बाहेर पडते. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे फेरे अधिक आणि म्हणून रोधही अधिक. डिझेल इंजिनाचा हा रोध पेट्रोल इंजिनापेक्षा स्वभावतः कमी असतो. म्हणून पुष्कळ अवजड वाहनांत धूर बाहेर जाण्याची वाट अडवून तो वाढवितात. डिझेल वाचविण्याची ती समजूतही आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट गिअर काढून घेतला, तर इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही!

आता स्वयंचलित गिअरकडे वळू. घरातील दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागेल. हवेऐवजी तेल आणि खोलीऐवजी बंद डबा कल्पिला, की स्वयंचलित गाडीतील मुख्य युक्ती ध्यानात येते. एक पंखा इंजिनाला जोडलेला असतो, दुसरा चाकांकडे जाणाऱ्या गिअरांना. दोहोंच्या मधल्या पात्यांमुळे तेलाचा झोत वळतो आणि ओढण्याचा जोर वाढतो. हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी या युक्तीचे एकस्व घेतले. पुढे अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० सालच्या मोटारींत संपूर्ण स्वयंचलित गिअर बसविला, आणि डाव्या पायाचे काम गेले.

सपाट रस्त्यावर ही सोय उत्तम. घाटात मात्र तिचे दोन दोष उघडे पडतात. चढावर जड ओझे ओढताना पहिला पंखा वेगाने आणि दुसरा मंद फिरतो. मधले तेल घुसळले जाऊन तापते, आणि फार तापलेले तेल गिअरांचे आयुष्य खाते. त्यातच यंत्र क्षणात वरचा गिअर घेते, क्षणात खालचा. म्हणून जाणता चालक चढावर हाताने खालचा गिअर पक्का करतो. मोठ्या ट्रकांत ओझे ओढण्यासाठी वेगळे बटणच दिलेले असते.

दुसरा दोष अधिक घातक आहे. साधे स्वयंचलित यंत्र दोनच गोष्टी पाहून गिअर निवडते : चालकाचा पाय किती दाबलेला आहे आणि गाडीचा वेग किती आहे. घाटमाथा ओलांडल्यावर चालक पाय उचलतो आणि वेग वाढू लागतो. यंत्र समजते, आता श्रम संपले. आणि ते वरचा गिअर घेते. म्हणजे रोधाची गरज सर्वांत अधिक असते, त्याच वेळी ते रोध काढून घेते. अलीकडच्या काही गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात. तरी पुढचे वळण आणि मागचे ओझे चालकालाच ठाऊक असते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, वेग कमी करून हाताने खालचा गिअर घ्यावयाचा असतो. वेग एकदा हाताबाहेर गेला की खालचा गिअर घेणेही धोक्याचे होते. ब्रेक लागेल तेव्हा थोडा वेळ नीट दाबावा, वेग पुरेसा उतरला की पूर्ण सोडावा आणि त्याला निवू द्यावे. सतत पाय ठेवून बसू नये.

मागे जोडलेल्या घराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. उतारावर ते ट्रकला ढकलते. ऊस वाहणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन उतरताना तुम्ही पाहिला असेल, तर हे सांगायला नको. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर सारे ओझे ट्रॅक्टरच्या पाठीवर येते आणि वळणावर जोडणी दुमडू पाहते. म्हणून जड कॅम्परला स्वतंत्र ब्रेक असावे लागतात. सामान मांडतानाही जड वस्तू मागे ठेवीत नाहीत. कॅम्परच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक भार जोडणीवर आला, म्हणजे शेपूट हेलकावत नाही. हेलकावे सुरू झालेच, तर चालक वेग वाढवीत नाही, चक्र गरकन फिरवीत नाही. पाय उचलून फक्त मागच्या घराचे ब्रेक लावतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. अशी घरे आपल्या घाटांतूनही फिरू लागतील, तेव्हा हे ज्ञान आपल्याही कामी येईल.

आपल्या देशात डोंगरातून ओझे नेण्याचा सर्वांत मोठा अनुभव रेल्वेला आहे. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढतो. तेथील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट असा आहे. रस्त्यावर हा उतार किरकोळ वाटेल; परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड थोडी असते. चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावतात, हे सर्वांना ठाऊक असते. उतरणाऱ्या गाडीसाठी केलेली योजना फार थोड्यांना माहीत असते. मुख्य मार्गापासून एक फाटा वर डोंगराकडे चढत जातो. सांधा नेहमी त्या फाट्याकडे वळवून ठेवलेला असतो. गाडी आधी थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखविते, तेव्हाच सांधा बदलून तिला खाली सोडतात. न थांबलेली गाडी फाट्यावर चढते आणि चढच तिचा वेग गिळून टाकतो. कोलोरॅडोच्या महामार्गावरही ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडी पसरलेल्या अशाच चढत्या वाटा ठेवलेल्या आहेत. त्या विद्यार्थ्याचे काका त्यांच्या शेजारूनच जात असतील.

हैदराबादहून वास्कोकडे जाणाऱ्या गाडीने मी माहेरी जाते, तेव्हा कॅसल रॉक स्थानकावर गाडी थांबते. पुढे दूधसागरावरून कुळ्यापर्यंत घाट आहे. उतार तोच, सदतिसात एक. प्रवासी चहा घेतात, मुले धबधबा केव्हा येणार म्हणून खिडकीशी झोंबतात. बाहेर रेल्वेचे लोक ब्रेक तपासत असतात. मग गाडी सावकाश निघते. विजेवर चालणाऱ्या मोटारी उतरताना जनित्रे होतात, आणि उताराची ऊर्जा वीज होऊन तारेत परत जाते किंवा इंजिनातील रोधकांत जळून जाते. मामांचे वाक्य येथेही खरे ठरते : ज्याने चढविले, त्यानेच उतरताना धरून ठेवावयाचे.

आपले जामबाग सपाट आहे. परंतु श्रीशैलमच्या सहलीला जाताना नल्लमल्लाच्या जंगलातून कृष्णेच्या पात्राकडे उतरणारा रस्ता तुम्हांला ठाऊक आहे. पुढच्या वेळी बस उताराला लागली, की गाणी क्षणभर थांबवा आणि कान देऊन ऐका. इंजिनाचा भारी, घुमणारा आवाज येत असेल, तर बस खालच्या गिअरमध्ये आहे. निर्धास्तपणे गाणी म्हणा. आवाज थांबून वारा तेवढा ऐकू येऊ लागला, तर तुमच्याबरोबरच्या शिक्षकांना लगेच सांगा. सांगण्यात संकोच करू नका. त्या दिवशी जीपमध्ये आम्ही आठ-नऊ जण होतो, आणि कोणीही काही बोलले नव्हते.

अभ्यास : (१) प्रवाशांसह १२,००० किलो वस्तुमानाची बस ३०० मीटर खाली उतरली. किती ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागेल? तेवढ्या उष्णतेने २५ अंशांचे किती लिटर पाणी उकळीला येईल? (२) घरातील मोठ्या माणसांना विचारा : ते घाट कोणत्या गिअरमध्ये उतरतात, आणि का?