जंगलात कामाचा कॅमेरा नेताय? तिकिटापलीकडचा हिशेब

ताडोबाची सफारी बुक झाली म्हणजे फोटो-स्टोरीची परवानगी मिळाली, असं समजू नका. ते तिकीट पर्यटकाचं: ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, गाडीतून उतरायचं नाही. वनरक्षकांबरोबर पायी गस्तीला जायचं असेल किंवा चित्रीकरण करायचं असेल, तर लेखी परवानगी काढा. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, नागपूरच्या वनभवनात. प्रत चंद्रपूरला क्षेत्र संचालकांकडे. सोबत संपादकांचं पत्र, ओळखपत्राची प्रत, कॅमेरा-लेन्सची क्रमांकांसह यादी, तारखा आणि नेमकी ठिकाणं. ‘ताडोबा परिसर’ असं मोघम लिहू नका. हाताशी दोन महिने ठेवा आणि पोच शिक्क्यासकट घ्या.

सफारीवर भागत असेल तर मंगळवारी सुट्टी, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर (जंगलाचा गाभा) बंद, हे आधी बघा. प्रवेश, जिप्सी, गाइड असे तीन खर्च धरा. शनिवार-रविवारी दर चढतात, मोठ्या लेन्सचे पैसे वेगळे. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीतच न्या. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून मनगटी घड्याळ, वही आणि पेन्सिल हवी. जिप्सीत सहा जण बसतात, पण मधल्या सीटवरून लांब लेन्स फिरत नाही. ओळखीच्या चौघांनी पूर्ण गाडी घेतलेली बरी. मे महिन्यात मोहर्ली प्रवेशद्वाराच्या रस्त्यावर पुढच्या गाडीची लाल धूळ मागच्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात शिरते. लेन्स भाड्याची असेल, तर अनामत किती आणि साफसफाईचे पैसे कोण देणार, हे पावतीवर लिहून घ्या. रस्ता सोडून गाडी आत घालण्यासाठी चालकाला वरचे पैसे देऊ नका. पकडलं गेलं तर रोजगार त्याचा जातो.

ड्रोन नोंदवायला 100 रुपये लागतात. पण ती नोंद म्हणजे जंगलावर उडवायची परवानगी नव्हे. ती परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

खाण, धरण, रस्ता असा विषय असेल, तर पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर फुकट मिळतात. आधी तिथे शोधा. नाही सापडली तर माहिती अधिकार: अर्जाला 10 रुपये, पानाला 2 रुपये, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवा. पहिल्या अपिलाला 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

सगळ्यात मोठा छुपा खर्च मात्र हक्कांचा. तुम्ही नोकरीत नसाल आणि कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसताना कॉपीराइट त्याचा होतो. कायदाच तसा आहे. माझा पाणवठ्यावरच्या रानकुत्र्यांचा फोटो एका नियतकालिकाने लेखाबरोबर छापला, मग कॅलेंडरवरही. दुसऱ्यांदा एक रुपया आला नाही. कागद नव्हता, भांडणार कशावर? तेव्हा काम सुरू करण्याआधीच ईमेल पाठवा: ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, वापर एकदा, छापील अंकापुरता, वेबसाइट, कॅलेंडर, पुस्तकासाठी वेगळं मानधन.’ समोरून ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत बॅग भरू नका. प्रवास, मुक्काम, रद्द झालेल्या सफारीचे पैसे कोण देणार, तेही त्यातच.

बिलावर पॅन टाका. मानधनातून टीडीएस साधारण 10 टक्के कापतात, पॅन नसेल तर 20. देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.

घरट्याचा किंवा गुहेचा फोटो पाठवताना फाइलमधलं जीपीएस काढा आणि फोटोओळीत फक्त जिल्ह्याचं नाव लिहा.