एका गोलरक्षकाची मास्तरकी

काही वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की, एका फुटबॉल क्लबाने त्याला आपल्या संघात घेतले आहे. आम्ही घरी गेलो. वडील मोठे सज्जन गृहस्थ; चहा पुढे ठेवून म्हणाले, "सर, पुस्तक कुठे पळून जात नाही. पाय चालताहेत तोवर खेळू दे त्याला." गोव्यात राहून फुटबॉलविरुद्ध बोलण्याची आमची छाती नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी समर्पक उत्तरही सुचले नाही. पुढच्याच मोसमात मुलाचा गुडघा दुखावला आणि क्लबाने त्याला मोकळे केले. खेळ आणि शिक्षण यांची अशी ताटातूट व्हावीच लागते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत राहिला. तो उलगडू पाहताना एका स्कॉटिश गोलरक्षकाचे चरित्र आमच्या हाती लागले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बॉबी क्लार्क यांचा जन्म 1945 साली ग्लासगो शहरी झाला. आरंभी ते क्वीन्स पार्क या जुन्या क्लबात खेळले. त्या काळी या क्लबाचे खेळाडू वेतन घेत नसत. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्यासाठी त्यांनी जॉर्डनहिलच्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षणही घेतले. 1965 साली ते ॲबरडीन क्लबात गेले आणि पंधराहून अधिक वर्षे तेथे राहिले. 1970 साली सेल्टिकसारख्या बलाढ्य संघाला 3–1 ने हरवून ॲबरडीनने स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा गोलात क्लार्कच उभे होते. पुढच्या 1970–71 च्या मोसमात त्यांनी लागोपाठ 1,155 मिनिटे चेंडू जाळ्यात जाऊ दिला नाही. म्हणजे जवळजवळ तेरा सामन्यांचा वेळ! ब्रिटनमधील हा विक्रम 1986–87 च्या मोसमापर्यंत अबाधित राहिला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडून ते 17 सामने खेळले. 1978 च्या विश्वचषकासाठी गेलेल्या संघातही त्यांची निवड होती. 1980 साली ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या हाताखाली ॲबरडीनने लीगचे अजिंक्यपद मिळविले, त्यात त्यांचा वाटा होता.

इतके नाव मिळविलेला खेळाडू निवृत्त झाला की, एखाद्या मोठ्या क्लबाची व्यवस्थापकाची खुर्ची शोधतो. क्लार्क मात्र प्रथम झिंबाब्वेतील बुलावायो येथे हायलँडर्स क्लबाचे प्रशिक्षक म्हणून गेले आणि तेथून 1985 साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात दाखल झाले. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा निराळाच खेळ. आपल्या फुटबॉलला तेथे सॉकर म्हणतात. आणि महाविद्यालयाचा सॉकर म्हणजे तर त्याहून आडवाट! स्कॉटलंडच्या लोकांना हा निर्णय विचित्र वाटला असल्यास नवल नाही.

तेथील व्यवस्था थोडी समजून घेण्यासारखी आहे. ऑगस्टच्या अखेरीस मोसम सुरू होतो आणि डिसेंबरात राष्ट्रीय अंतिम सामन्याने संपतो. या तीन-साडेतीन महिन्यांत वर्गही चालू, परीक्षाही चालू. विद्यार्थ्याला साधारणपणे चारच मोसम खेळता येते. क्लबाचा व्यवस्थापक पैसे मोजून खेळाडू आणतो, नको असेल तर विकतो. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला हे दोन्ही करता येत नाही. सतरा वर्षांचा मुलगा हेरावा, त्याला आणि त्याच्या आईबापांना राजी करावे, त्याचे गुण प्रवेशाला पुरतील ना हे पाहावे, मग त्याला घडवावे, आणि चौथ्या वर्षी तो पक्का तयार झाला की पदवीदानाच्या दिवशी त्याला निरोप द्यावा. दरवर्षी असे चार-सहा जण जाणार. आम्हा शिक्षकांना यात काही नवे नाही. दहावीचा वर्ग दर उन्हाळ्यात असाच रिकामा होतो.

पैशाचीही गोष्ट ऐका. डार्टमथ ज्या आयव्ही लीगमध्ये मोडते, तेथे केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. इतर मोठ्या विद्यापीठांत पुरुषांच्या सॉकर संघाला मिळून 9.9 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती (2025 साली हे नियम बदलले). पंचवीस-तीस मुलांत दहालाही न भरणाऱ्या शिष्यवृत्त्या वाटायच्या, म्हणजे कुणाला अर्धी तर कुणाला पाव! बहुतेक मुलांच्या घरून शुल्काचा काही भाग भरावाच लागे. तेव्हा आईबाप विचारीत असतील तो प्रश्न आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या नेमका उलटा असणार: खेळ संपल्यावर मुलाच्या हाती काय राहील? क्लार्क यांच्याकडे त्याचे उत्तर होते, कारण खेळ आणि अध्यापकाचे शिक्षण यांची सांगड त्यांनी स्वतःच्या आयुष्यात घातली होती.

1993 पर्यंत ते डार्टमथला राहिले. मग न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे काम पाहिले आणि 1996 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. न्यूझीलंडचे ते दिवस वाया गेले नाहीत. सायमन इलियट आणि रायन नेल्सन हे दोन न्यूझीलंडर त्यांच्या कारकिर्दीत स्टॅनफर्डला शिकले व खेळले. हाच नेल्सन 2010 च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा कर्णधार होता आणि इलियटही त्या संघात होता. त्यांनी तिन्ही सामने बरोबरीत सोडविले. त्यांत त्या वेळच्या जगज्जेत्या इटलीशी 1–1 अशी बरोबरी होती. त्या स्पर्धेत एकही सामना न हरलेला तो एकमेव संघ. (स्पेनने चषक जिंकला खरा, पण पहिला सामना स्वित्झर्लंडकडून गमावून!)

1998 साली स्टॅनफर्ड राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचले आणि इंडियानाकडून 3–1 असे हरले. क्लार्क तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. 2001 साली ते नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात आले. तेथे वर्षामागून वर्षे गेली. संघ चांगला खेळे, राष्ट्रीय स्पर्धेत जाई, पण अजिंक्यपद काही हाती लागत नसे. मॅट बेसलर हा वैद्यकीय शिक्षणाची तयारी करणारा मुलगा याच काळात तेथून बाहेर पडला आणि 2014 च्या विश्वचषकात अमेरिकेच्या बचावफळीत खेळला. शेवटी 15 डिसेंबर 2013 रोजी पेनसिल्व्हेनियातील चेस्टर गावी मेरीलँडविरुद्ध आधी गोल खाऊन नोटर डेमने 2–1 असा विजय मिळविला. विजयी गोल अँड्र्यू ओमॅली या बचावपटूने डोक्याने मारला. पुरुषांच्या सॉकरमधील त्या विद्यापीठाचे ते पहिलेच राष्ट्रीय अजिंक्यपद. क्लार्क यांचे वय अडुसष्ट. डार्टमथला पाऊल ठेवल्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती. एवढी वर्षे एकाच धंद्यात वाट पाहणे गोलरक्षकालाच जमावे, असे आम्हांस वाटते. सारा खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चाललेला असताना जागे राहायचे, हीच त्याची तालीम.

बुलावायोची गोष्ट अर्धीच राहिली. वडिलांबरोबर तेथे राहिलेला त्यांचा मुलगा टॉमी पुढे स्वतः हायलँडर्सकडून खेळला आणि नंतर बालरोगतज्ज्ञ झाला. एड्सच्या साथीत आपल्या जुन्या सोबत्यांपैकी काही जण दगावलेले त्याने पाहिले. हा आजार काय आहे हे मुलांना कुणी नीट सांगतच नव्हते. म्हणून 2002 साली त्याने सहकाऱ्यांसह 'ग्रासरूट सॉकर' ही संस्था काढली. मुले ज्यांच्याकडे कौतुकाने पाहतात त्या फुटबॉलपटूंनीच, चेंडूच्या खेळातून, त्यांना रोगापासून बचावाचे धडे द्यावेत, अशी तिची पद्धत. पहिले वर्ग बुलावायोतच भरले.

2017 च्या मोसमाअखेर क्लार्क निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले चॅड रायली नोटर डेमला त्यांचेच विद्यार्थी होते आणि मधल्या काळात डार्टमथच्या संघाचे प्रमुख प्रशिक्षक होते. धाकटे चिरंजीव जेमी वडिलांच्याच हाताखाली स्टॅनफर्डला खेळले आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. 2021 साली राष्ट्रीय स्पर्धेत जे चार संघ उरले, त्यांत एक रायलींचा होता आणि एक जेमींचा. क्लेमसनने उपान्त्य सामन्यात विद्यार्थ्याच्या संघाला पेनल्टींवर आणि अंतिम सामन्यात मुलाच्या संघाला 2–0 असे हरविले.