दुर्बळांचा कैवारी

अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड नावाचे एक मोठे शहर आहे. 1930 नंतरच्या काही वर्षांत तेथील ग्लेनव्हिल विद्यालयात जेरी सीगल आणि जो शुस्टर असे दोन मित्र शिकत होते. दोघांचाही जन्म 1914 सालचा. दोघेही यहुदी कुटुंबांतील, दोघेही लाजाळू आणि दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा. जेरीला गोष्टी रचण्याचा छंद होता, तर जोला चित्रे काढण्याचा. जोच्या घरी इतके दारिद्र्य होते, की कोरा कागद मिळणेही कठीण. भिंतींना चिकटवण्याच्या रंगीत कागदाचे टाकून दिलेले तुकडे तो गोळा करी व त्यांच्या मागील बाजूस चित्रे काढी.

या मुलांचे आईबाप मूळचे अमेरिकेतील नव्हते. जेरीचे आईवडील लिथुआनियातून आलेले; जोचे वडील हॉलंडमधील, तर आई कीव्ह शहरातील. पूर्व युरोपात यहुदी लोकांचा फार छळ होत असे. म्हणून लाखो कुटुंबे समुद्र ओलांडून अमेरिकेत आली. परंतु तेथेही सर्वांनी त्यांचे स्वागत केले असे नाही. 1924 साली कायदा करून अमेरिकेने अशा लोकांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घातले.

या लोकांनी धनदौलत आणली नसली, तरी आपल्या धर्मग्रंथांतील कथा मात्र बरोबर आणल्या होत्या. त्यांतील एक कथा मोशेची आहे. इजिप्तच्या राजाने यहुद्यांचे नवजात पुत्र ठार मारण्याची आज्ञा केली, तेव्हा मोशेच्या मातेने आपले तान्हे बाळ एका पेटीत ठेवून ती पेटी नाईल नदीच्या काठी लव्हाळ्यांत सोडली. राजकन्येने त्या बाळाला वाढवले. पुढे त्यानेच आपल्या लोकांना दास्यातून मुक्त केले. दुसरी कथा शमशोन या महाबलाढ्य वीराची.

जेरी आणि जो यांनी निर्माण केलेल्या वीराची कथा आता पाहा. क्रिप्टन नावाचा ग्रह नष्ट होत असतो. आपले बालक वाचावे म्हणून पिता त्याला लहानशा यानात ठेवून आकाशात सोडतो. ते यान पृथ्वीवर उतरते. परक्या घरी, नवे नाव धारण करून ते बालक वाढते. हाच सुपरमॅन! तो पर्वताएवढे बळ अंगी असताना एरवी चष्मा लावलेला, भिडस्त वार्ताहर म्हणून वावरतो. शमशोनाच्या बळाची आठवण आपल्या मनात होती, असे जेरीने पुढे सांगितले. मोशेच्या कथेशी असलेले साम्य तर अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे.

ही कल्पना प्रथम कोणालाच पटेना. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर 1938 साली ती प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीत घरोघरी पोहोचली. आरंभीच्या कथांत सुपरमॅन राक्षसांशी लढत नाही. तो निरपराध स्त्रीला मृत्युदंडातून सोडवतो. मजुरांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला खाणीतील संकटाचा अनुभव घ्यायला लावतो. बळ हे दुर्बळांच्या रक्षणासाठी असते, हे त्या कथांचे सार होय.

त्या काळी जर्मनीत हिटलरने यहुद्यांचा अनन्वित छळ मांडला होता. 1940 सालच्या एका चित्रकथेत सुपरमॅन हिटलरला धरून राष्ट्रसंघासमोर उभा करतो. ती पाहून नाझींच्या एका पत्राने जेरीवर विषारी टीका केली. दोन तरुणांच्या लेखणीची व कुंचल्याची दखल एका जुलमी सत्तेला घ्यावी लागली!

परंतु दुर्बळांना न्याय मिळवून देणाऱ्या या वीराच्या जनकांना स्वतःला मात्र न्यायासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. अवघ्या 130 डॉलरांत त्यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क विकून टाकले होते. 1947 साली त्यांनी न्यायालयात दाद मागितली. पण हक्क परत मिळाले नाहीत. उलट, कथांवरील त्यांची नावेही नाहीशी झाली. जोची दृष्टी जवळजवळ गेली. शेवटी 1975 साली जेरीने आपले गाऱ्हाणे जनतेपुढे मांडले. लोकमत जागे झाले. दोघांना वार्षिक वेतन मिळू लागले आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांची नावे पुन्हा झळकली.

परदेशातून आलेल्या माणसाजवळ सामान थोडे असते. पण त्याच्या स्मृतीत युगायुगांचा ठेवा असतो. ज्या देशाने दारात संकोचाने उभे केले, त्याच देशाला त्या ठेव्यातून त्याचा सर्वांत लाडका वीर मिळाला.

स्वाध्याय

1. जेरी व जो यांचे आईवडील कोठून आले होते? यहुदी कुटुंबे अमेरिकेत का आली?
2. मोशे आणि सुपरमॅन यांच्या कथांतील साम्य सांगा. महाभारतातील कर्णाच्या जन्मकथेशी त्यांची तुलना करा.
3. ‘बळ हे दुर्बळांच्या रक्षणासाठी असते’ हे पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
4. वाक्यांत उपयोग करा : दाद मागणे, दखल घेणे, गाऱ्हाणे मांडणे.