सीझन तोंडावर आणि कॉलेज सुरू: आता काय करायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत एक विषय घाईत उरकला, म्हणून तो इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये हिशोब आहे.

मागच्या रविवारी रोह्याची एक मुलगी दुकानात आली. पेणला एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्यात कामाला होती. सुरुवातीला फक्त बिलं लिहायची. महिन्याभरात ऑर्डरी, ऍडव्हान्स, टेम्पोचं भाडं, सगळं तीच बघायला लागली. आता कॉलेज सुरू झालंय.

मला म्हणाली, "दादा, मैत्रिणी भेटल्या, बरं वाटलं. पण लेक्चरला बसलं की वाटतं वेळ वाया चाललाय. आणि कारखान्यातून फोन आला की वाटतं, एवढं शिकून बिलंच फाडणार का मी? माझं मलाच कळत नाही."

मी तिला म्हटलं, तुला दोन्ही वाटतंय ना? मग दोन्ही खरंच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मनातला गोंधळ कागदावर उतरव.

आधी माझी चूक ऐका

बीबीएच्या शेवटच्या वर्षाला मी दिवाळीच्या सीझनला एका दुकानात राहिलो. हातात पैसे खेळायला लागले आणि लेक्चरला दांडी सुरू झाली. हजेरी कमी पडली, आईला कॉलेजात यावं लागलं, आणि कॉस्टिंगमध्ये केटी लागली. पुढे स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच वर्षी लाईटबिल आणि भाडं न धरता रेट लावले. विक्री जोरात आणि गल्ला रिकामा! ज्या विषयाला दांडी मारली, त्याच विषयाने मला दुकानात गाठलं.

गोंधळ होतो कुठे?

आपल्याकडे पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात खरी धावपळ जूनपासून गणपतीपर्यंत. नेमकं तेव्हाच कॉलेज उघडतं. म्हणजे मालकाला माणूस सगळ्यात जास्त हवा असतो, तेव्हाच आपल्याला निघायचं असतं. त्यात तारीखही दरवर्षी हलते. 2025 ला गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक महिना आला. म्हणजे सीझन 18 दिवस पुढे. कॉलेजचं टाइमटेबल आणि पंचांग शेजारी ठेवून बघा, अर्धा गोंधळ तिथेच सुटतो.

आता हिशोब

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा रोज 450 रुपये मिळतात. गाडी आणि जेवणाचे 100 गेले, हातात 350.

- रोज काम केलं तर: महिन्याला 26 दिवस, तीन महिन्यांचे 78 दिवस. 78 × 350 = 27,300 रुपये.
- फक्त शनिवार-रविवार केलं तर: 12 आठवड्यांचे 24 दिवस. 24 × 350 = 8,400 रुपये.

फरक 18,900 रुपये. म्हणजे वर्गात बसण्याची तुमची किंमत झाली 18,900. यालाच पुस्तकात अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. फीची पावती मिळते, या किमतीची पावती कोणी देत नाही, म्हणून ती दिसत नाही.

आता प्रश्न सोपा झाला. एवढे पैसे सोडून मी वर्गात बसतोय, तर तेवढं वसूल करतोय का?

वसूल कसं करायचं?

1. कारखाना वर्गात घेऊन जा. शाडू, पीओपी, काथ्या, रंग हा माल कारखानदार कित्येक महिने आधी भरतो. मजुरी दर आठवड्याला जाते. मोठा पैसा येतो गणपतीच्या तोंडावर. वर्गात शिकवतात ते वर्किंग कॅपिटल ते हेच. प्रोजेक्टला विषय शोधत फिरू नका, तुमच्याकडे तो आहे.

2. कायद्याचा पेपर हलक्यात घेऊ नका. 2025 च्या जानेवारीत हायकोर्टाने पीओपी मूर्तींवरची बंदी काटेकोर पाळायला सांगितलं, आणि 9 जूनला मूर्ती बनवायला-विकायला परवानगी दिली. मधल्या काळात आपल्या भागातल्या कारखानदारांची झोप उडाली होती. एका आदेशावर अख्खा सीझन फिरतो, हे ज्याला वाचता येतं तो आधी सावध होतो.

3. मालकाशी समोर बसून बोला. न सांगता गायब होऊ नका. पेण-रोहा लहान आहे, नाव लवकर फिरतं. "काका, मी शनिवार-रविवार येईन, बाकीच्या दिवसांचं काम अमुक मुलाला शिकवून देते," एवढं स्पष्ट सांगा. ऑर्डरवही अशी लिहा की तुमच्याशिवाय दुसऱ्याला कळेल. ही तुमची पहिली मॅनेजमेंट.

4. हजेरी उधळू नका. मुंबई विद्यापीठात 75 टक्क्यांचा नियम आहे. चारातलं एक लेक्चर सुटलं तर चालतं, पण ते कंटाळ्यासाठी वापरू नका. सरांना सांगून गणपतीच्या आदल्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

आणि घरच त्या पैशावर चालत असेल तर?

मग हिशोब वेगळा, आणि तिथे मी कोणाला उपदेश करणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमचे मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत राहतात. थांबावं लागलं तर कॉलेजात विचारून, कागद पूर्ण करून थांबा. नुसतं जायचं बंद करू नका. दार लोटून घ्या, कडी घालू नका.

त्या मुलीने शनिवार-रविवार ठरवलं. मालक आधी कुरकुरले, मग म्हणाले, "वही तूच बघ, दुसऱ्याच्या हातात देणार नाही." परवा तिचा मेसेज आला: "दादा, पेणला उतरते तेव्हा अजूनही वाटतं, एक स्टेशन पुढे हमरापूरला जावं."

वाटू दे. शनिवारी जाणारच आहे ती.

गृहपाठ: तुमचा 18,900 चा आकडा किती येतो ते आज काढा. त्याखाली लिहा, या महिन्यात वर्गातली कुठली एक गोष्ट मी कामावर वापरून बघणार. पान जपून ठेवा, पुढच्या व्हिडिओत तेच उघडायचंय. भेटूया!